नव्या नावाची फॅट

आमच्या पारनेरकडच्या दूध संकलन केंद्रात वजन आणि फॅट ज्या सॉफ्टवेअरवर चढतात, त्या कंपनीनं परवा नाव बदललं. ‘धारोष्ण सॉफ्टवेअर’ची ‘धारॉन एआय’ झाली आणि शेअर वर पळायला लागला.

गावात तो शेअर दोघांकडेच, केंद्राचा कॉम्प्युटर चालवणाऱ्या माझ्याकडे आणि केंद्राच्या चेअरमन रंगनाथरावांकडे. मी घेतला होता त्याला कारण एकच. कॉम्प्युटर अडला की फोन करायचा, आणि कंपनीचा तौफिक पहिल्याच रिंगला उचलायचा.

आज सकाळपासून फॅटचा आकडा येईना. साडेनऊ वाजले तरी किटल्यांची रांग हलली नव्हती. मी कंपनीला फोन लावला, तर नव्या नावाचं गाणं वाजलं आणि वाजतच राहिलं. माझं डोकं फिरलं. बाजार उघडलाच होता. तिथंच उभ्या उभ्या सगळे शेअर विकून टाकले.

“येडी हाय का तू, निकिता?” चेअरमन म्हणाले. “चढता शेअर कुनी इकतं व्हय? नाव तरी बग कसलं झ्याक हाय!”

“चेअरमन, सख्ख्या भावाचं दूधसुद्धा तुम्ही फॅट तपासल्याशिवाय घेत नाही. उद्या तो नवी चकचकीत किटली घेऊन आला, तर जादा दर द्याल?”

त्यांनी माझा फोन घेऊन कानाला लावला आणि रांगेकडं बघत ते गाणं ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं फोन परत देत म्हणाले, “माजे बी इक.”