भूमिकाचं अर्धं वाक्य

भूमिका सहा वर्षांची होती आणि तिच्याविषयी कुणाचीही, कसलीही तक्रार नव्हती. जरीपटक्याच्या त्या गल्लीत एवढी ख्याती मिळवायला माणसाला निवृत्त व्हावं लागतं, आणि तरीही ती मिळतेच असं नाही. पाहुणे आले की ती नमस्कार करी, बिस्किटांच्या बशीकडे बघत नसे, आणि पहिल्याच हाकेला हजर होई. शेजारच्या कामिनीकाकू स्वतःच्या दोन बडबड्या पोरींना कंटाळल्या की मुद्दाम तिला पाहायला येत.

"काय खाऊ घालता हो हिले?" त्या विचारत.

"काही नाही. टायमावर दोन थापडा," रोहित सांगे. सगळे हसत. भूमिकाही हसे. बाबा हसले की हसायचं, एवढं तिला येत होतं.

रोहित वाईट माणूस नव्हता. सीताबर्डीच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो तक्रारींच्या काउंटरवर बसे. कुणी मिक्सर आपटत येवो की शिव्या देत येवो, तो आधी पाण्याचा ग्लास पुढे करी आणि मध्ये एक शब्द न बोलता सगळं ऐकून घेई. गिऱ्हाइकाचं बोलणं अर्ध्यात तोडायचं नाही, हा दुकानाचा नियम त्याच्या रक्तात उतरला होता. घरी मात्र कुणी गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्या वडिलांनी त्याला पट्ट्याने मारलं होतं आणि त्यामुळेच आपण मार्गाला लागलो, अशी त्याची खात्री होती. तो मार्ग कुठे जातो, हे कुणी विचारलं नव्हतं.

मे महिन्यातला बुधवार, रोहितच्या सुट्टीचा दिवस. बाहेर ऊन रटरटत होतं. खिडकीतला लोखंडी कूलर घरघरत होता. रोहित जेवायला बसला होता, श्वेता वाढत होती, रोहितची आई रुखमाबाई नातीला घास भरवत होत्या. भूमिकाने घास गिळला आणि कुणी विचारलेलं नसताना तोंड उघडलं.

"बाबा, कूलरले हात लावला नं, तं..."

"लावला? काहून लावला? कितीदा सांगतलं तुले?"

थापड बसली. भाताची शितं सतरंजीवर उडाली.

"अरे, पुरं बोलू तं दे लेकराले," रुखमाबाई म्हणाल्या.

"आई, तू मधात बोलू नको. तुह्याच लाडानं बिघडून राहिली ते."

"बाबाले उलटं बोलत नसतात," श्वेता मुलीला म्हणाली. उलटं कुणी बोललं नव्हतं, पण अशा वेळी म्हणायचं हेच वाक्य घरात तयार होतं.

दुपारी रुखमाबाईंनी नातीला कुशीत घेतलं. गालावर बोटं उमटली होती, त्यावरून खोबरेल फिरवलं. "काय सांगून राहिली होती वं माय?"

भूमिकाने बाबांकडे पाहिलं. "काही नाही," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी दुपारी चारला रुखमाबाईंनी नेहमीप्रमाणे कूलरमध्ये पाणी भरायला पाइप लावला. पाणी भरताना कूलर बंद करायचा असतो, पण बंद केला की रोहितची झोप मोडे, म्हणून त्या घरी तो चालूच राही. पाइप सुटला. फरशीवर पाणी झालं, पायातली स्लीपर सटकून निघाली, आणि त्यांनी आधाराला कूलरच्या पत्र्यावर हात टेकला.

आवाजसुद्धा झाला नाही. रोहितची झोप शाबूत राहिली. चहा घेऊन आलेल्या श्वेताने बटण बंद केलं तेव्हा उशीर झालेला होता, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरने तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं.

तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. कामिनीकाकू भेटायला येऊन बसल्या होत्या. "पोरगी किती शहाणी आहे, पाहा," त्या श्वेताला म्हणत होत्या, "आजी गेली तरी रडून नाही राहिली."

इलेक्ट्रिशियनने कूलर उघडला आणि मान हलवली. "साहेब, हे आजचं नाही. दहा-बारा दिवस झाले करंट बॉडीत उतरून. चप्पल असली तं समजत नाही. पण कुणाले झटका नाही लागला काय घरात?"

"कोणाले नाही," रोहित म्हणाला.

"मले लागत होता," भूमिका म्हणाली. ती कोपऱ्यात अनवाणी उभी होती. "मुंग्या चावल्यासारखं होये."

रोहित उठला. "तुले मालूम होतं? मंग सांगतलं काहून नाही?" आणि त्याचा हात वर गेला. या घरात हात विचार करून वर जात नसे.

"जाऊ द्या हो भाऊ," कामिनीकाकू कळवळून म्हणाल्या, "सुतकात मारू नका. तेरवी होऊ द्या."

श्वेताने नवऱ्याचं मनगट धरलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, हे तिने पहिल्यांदाच केलं.

"सांगतलं होतं तिनं. आई गेल्या त्याच्या आधीच्या बुधवारी, जेवताना. अर्धं वाक्य झालं होतं अन् तुम्ही थापड मारली. अन् मी तिलेच गप केलं. आईंनी तेवढं म्हटलं, पुरं बोलू द्या म्हणून. फक्त त्यायनीच. आता हिच्या अंगाले हात लावून पाहा तुम्ही. तेरवीच्या आधी नाही अन् मंगही नाही."

रोहित जागेवरच खाली बसला. इलेक्ट्रिशियन आपला स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागला, तो त्याच्या हातातच होता. कामिनीकाकूंना एकाएकी घरी काम आठवलं. दारातून जाताना त्यांनी पलीकडून येणाऱ्या आपल्या पोरींच्या कलकलाटाकडे कान दिला आणि झपाझप चालू लागल्या.

मग रोहितने विचारलं, "बेटा, अजून काही सांगायचं राहिलं आहे काय?"

"मारसान?"

"नाही."

या उत्तरावर विश्वास ठेवावा असं तिच्या सहा वर्षांत काही घडलं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. आईने होकाराची मान हलवली.

"दाढ दुखते. लय दिवसापासून."

"अजून?"

"शाळेत फळ्यावरचं दिसत नाही."

जानेवारीत फळ्यावरून चुकीचं उतरवलं म्हणून तिने दोन दिवस मार खाल्ला होता. रोहितला तो आठवला. किती फटके, तेही आठवलं. मग त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला.

"अजून?" तो म्हणाला.

भूमिकाने आधी त्याचे हात कुठे आहेत ते नीट पाहून घेतलं. मग बोलायला लागली.