दृष्ट काढायला समोर माणूस लागतो

“म्हणजे हडळ मी, असंच ना?” कालिंदीबाईंनी विचारलं.

अजेय हसला. साठी कधीच उलटली होती, पण केस अजून खांद्यावर रुळत होते. “हडळ नाही हो, वहिनी. तुमचा फक्त आवाज हवाय.”

“हडळीला आवाजच तर असतो. आणखी काय असतं?”

“उलटे पाय,” पेपरामागून मनोहरराव म्हणाले.

वडिलांच्या बदलीमुळे अजेय लहानपणी कोलकात्याला आला आणि इथलाच झाला. उभा जन्म त्यानं पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत गिटार वाजवली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला आरतीचं ताट कुणी देत नसे. स्पीकर बिघडला की मात्र हक्कानं हाक मारत. आता तो भुताखेतांच्या गाण्यांचा अल्बम काढत होता. कानठळ्या बसवणारा. नाव ‘निशी’. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारते ती निशी. ओ दिली की माणूस तिच्यामागं चालू लागतो. शेवटच्या गाण्यात त्याला कालिंदीबाईंचे दृष्ट काढायचे शब्द हवे होते. मंडळात कुणाच्या तरी बाळाची दृष्ट काढताना त्यानं ते ऐकले होते.

ते शब्द सासूबाईंनी दिलेले. नवऱ्याच्या बँकेच्या बदल्यांत कपबश्या फुटल्या, माणसं सुटली, शब्द टिकले. आता मुलगा परदेशात, आणि नातू फोनवर जेमतेम दिसतो. फोनवरून दृष्ट निघत नाही.

“टिंगल करेल गं तो,” अजेय गेल्यावर मनोहरराव म्हणाले.

“तेच बघायला जाते.”

बेहालाला एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ होता. मनोहरराव बाहेर बाकावर बसले. आत भिंतीवर अल्बमचं चित्र: काळं पाणी, त्यात उघडं तोंड. अजेयनं गाणं लावलं. कोंडलेलं जनावर दारावर धडका देत असावं तसे ड्रम, आणि त्यातून एका बाईची बारीक, लांबलेली हाक. कालिंदीबाईंनी पदर आवळून घेतला.

“ही कोण?”

“निशी.”

“मग मी कशाला? हिला पळवायला, की हिच्या जोडीला?”

अजेय माइकची उंची सारखी करू लागला. उत्तर टाळलेलं त्यांना खटकलं.

तरी त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. शब्द कोरडे निघाले, बाजाराची यादी सांगावी तसे. काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारा पल्टू म्हणाला, “माशीमा, आरेकटु जोरे.”

“जोरानं काय होणार? याला का दृष्ट लागणार आहे?” त्यांनी माइककडे हात केला. “समोर माणूस लागतो. अजेय, बैस इथं. पूर्वेला तोंड कर.”

तो मुकाट्यानं स्टुलावर बसला. त्यांनी पर्समधली पुडी सोडून मीठमोहऱ्या मुठीत घेतल्या, आणि मग त्याचा डावा हात दिसला. बोटं आत वळलेली, सुकल्या पानासारखी. त्यानं तो उजव्या हाताखाली सारला.

“गिटार कुणी वाजवलीय यात?”

“थोडी जुनी, माझीच. बाकी एका पोरानं.”

“आणि तू?”

“मी हाका मारतो. ती बाई मीच आहे, वहिनी. पल्टूनं आवाज बारीक केलाय.” तो खाली बघत होता. “मंडळात बोलू नका. लोक मग गाणं ऐकणार नाहीत, हातच बघतील.”

खरं बोलतोय की हाही त्याचा एखादा खेळ, हे कालिंदीबाईंना तरी कुठं कळत होतं? पण समोर बसलं होतं ते माणूसच होतं. त्यांनी मूठ त्याच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरवली.

“आल्याची, गेल्याची, वाटेवरल्या सावलीची,
भुकेल्या डोळ्याची, भरल्या डोळ्याची,
परक्याची, घरच्याची, माझीसुद्धा लागली असेल…”

तिथं आवाज अडला. इतकी वर्षं ‘माझीसुद्धा’ हा शब्द नुसताच जिभेवरून जात आला होता. पल्टूनं यंत्र थांबवलं नाही.

“…मिठागत विरो, मोहरीगत तडतडो.”

अजेयचे डोळे मिटलेले होते. आईनं न्हाऊ घातल्यावर पोर बसतं, तसा तो बसला होता.

आता विस्तव हवा होता. पण खोलीभर वायरी. पल्टू तिथं उदबत्तीसुद्धा लावू देत नसे. मीठमोहऱ्या विस्तवात पडेपर्यंत बोलायचं नसतं, मूठ उघडायची नसते. कालिंदीबाईंनी डाव्या हातानं पर्स उचलली आणि त्या जिना उतरल्या.

“काय झालं? फसवलं का त्यानं?” मनोहररावांनी बसमध्ये पुन्हापुन्हा विचारलं. “अगं, बोल की. आवाज बसला का?”

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. कंडक्टरनं तिकीट पुढं केलं, ते त्यांनी डाव्या हातानं घेतलं. बस खड्ड्यातून गेली, गर्दी अंगावर आली, कुणी पुढच्या बाकाची दांडी धरायला सांगितलं. उजवी मूठ मांडीवर मिटलेलीच होती. घामानं मीठ विरायला लागलं होतं, आणि बालीगंजचं घर अजून लांब होतं.