दोन माती, दोन हात

हरिओम हे लिहिणारच नव्हता. एक तर मित्राच्या घरातली गोष्ट, अन् दुसरं म्हणजे रोपांच्या मुळ्यांबद्दल कोण वाचतंय? पण डोक्यातून जाईना. मंग बसला मोबाईलवर टाईप करत.

वडीगोद्रीला हायवेच्या कडंला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. शिकला जळालेल्या मोटारी खोलून खोलून. दसऱ्याला तो भागवतच्या घरी सोनं द्यायला गेल्ता. भागवत त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याची आई कौसल्याकाकू दरसाल घटातलं उगवलेलं धान हरिओमच्या टोपीत खोवायची. ह्या साली काकूनं नुस्तं सोनं हातात ठेवलं.

"काकू, धान?"

"कुठलं धान, बाबा. बोटभर आलं अन् थांबलं. घरात नवा हात आलाय. देवीला चालला न्हाई."

नवा हात म्हणजे दैवशाला, भागवतची बायको. मे महिन्यात लग्न झाल्तं. घट तिनंच पेरला, पाणीबी तिनंच घातलं. आता काकूनं तिला देवघराला शिवू द्यायचं बंद केल्तं. दिवाळीला मंठ्याला माहेरी गेली की तिकडंच राहू दे, असंबी बोलून राह्यल्या होत्या. दैवशाला खाली मान घालून ऐकत होती.

हरिओमनं घटातलं एक रोप उपटलं. खोडच तसली त्याला. घटातलं धान पिवळं तर असतंच, अंधारातलं ते. पण त्याच्या घरच्या धानाची मुळी लांब, पांढरी, माती धरून बसलेली. ही नखाएवढी, तपकिरी, जशी विझवलेली काडी.

"माती कुठली आणल्ती रे?"

"वावरातली. रोडकडच्या कोपऱ्यातली," भागवत म्हणाला. "गाडीवर बसूनच उचलली. आत कोण चिखल तुडवत जातंय?"

"देवीच्या मातीलाबी गाडी लागती तुला."

तो कोपरा हरिओमला माहीत होता. आठ-दहा साल झाले, एका भंगारवाल्यानं ती जागा भाड्यानं घेतल्ती. जुन्या बॅटऱ्या फोडायचा, शिसं काढायचा, तेजाबाचं पाणी तिथंच ओतायचा. तो गेला, पण त्या तुकड्यात ज्वारी कधी गुडघ्याच्या वर गेली न्हाई. सगळे म्हणायचे, बांधावरच्या कडूलिंबाची सावली पडती.

चार दिवस हरिओम मोबाईलवर वाचत राह्यला. शिसं मुळीची वाढ रोखतं. मुळी आखूड राह्यली की रोपाला ना पाणी बराबर भेटतं ना खत. आता हे शिशानं झालं का तेजाबानं, ते त्याला सांगता येईना. पण माती का हात, एवढं तर बघता येत होतं.

श्रीखंडाचे चार रिकामे डबे घेऊन तो गेला.

"काकू, दोन डब्यांत कोपऱ्यातली माती, दोन डब्यांत विहिरीकडची. दोन्हीतल्या एकेकात तुम्ही ज्वारी पेरा, एकेकात वहिनी. पाणी ज्यानं त्यानं आपल्या डब्याला."

"माझी परीक्षा घ्यून राह्यला का रे?"

"मातीची, काकू."

"बरं. पण मी आंघोळ करून, उपाशी पेरीन. मंग बघ."

काकूनं तसंच केलं. रोज देवीला हात जोडून मंगच पाणी. हरिओम दुकान उघडायच्या आधी पट्टी घेऊन हजर. भागवत म्हणायचा, "आला बघा, ज्वारीचा टेलर."

नवव्या दिवशी सांजच्याला बघितलं. विहिरीकडचे दोन्ही डबे वीतभर. कोपऱ्यातल्या मातीत दैवशालाचं दोन बोटं. काकूचंबी दोनच बोटं, उलट तीन दाणे तर उगवलेच न्हाईत.

काकूनं आपल्याच हातचं रोप उपटून चष्म्याजवळ धरलं. मुळी तसलीच, नखाएवढी, तपकिरी.

मंग म्हणाल्या, "दैवशाला, देवापाशी दिवा लाव."

दैवशाला गेली, दिवा लावला. परत येऊन म्हणाली, "भाऊजी, त्या कोपऱ्यातली ज्वारी आपण दळून खातो की. दाण्यात उतरतं का ते?"

हरिओमनं हा विचारच केला नव्हता. तो मुळीपाशीच थांबला होता.

"ठाव न्हाई, वहिनी. खरंच ठाव न्हाई."

बाहेर गाडीपाशी भागवत हळूच म्हणाला, "हऱ्या, काही वंगाळ निघालं तर मला सांग. तिला नको."

"न्हाई भागवत. त्या ज्वारीचं पोतं आजच अलग ठेव. माती अन् दाणे घेऊन मी तुझ्यासंगं जालन्याला माती तपासायच्या लॅबमधी येतो. तिथं शिसं तपासत नसतील तर जिथं तपासतात तिथं जाऊ. पण कागद आला की वहिनीसमोरच वाचीन, असंल तसा. शब्द देतो तुला."