आधी हात, मग तोंड

आत शेगडीवर पातेल्याचं झाकण खडखडू लागलं. बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं बसली होती, पण कुणी जागचं हललं नाही. मधोमध शवपेटी होती. तिचं पांढरं अस्तर शिंप्यानं पहाटे स्वतःच शिवलं होतं, बायकोसाठी. भिंतीलगतच्या मशीनच्या सुईत तो दोरा अजून तसाच ओवलेला होता. झाकण थांबेना, तेव्हा म्हातारे पाळक गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि आत गेले. खडखड थांबली. मग कप विसळल्याचा आवाज आला, आणि धाकट्या पाळकबाई त्यांच्या मागोमाग गेल्या.

म्हाताऱ्यांचं नाव शिकाऊ पाळकांनी पाठीमागे ‘मुकेबाबा’ पाडलं होतं. आजाऱ्याच्या घरी गेले की बाबा आधी दिसेल ते काम उचलत. पाणी भर, भांडी घास, कुणा म्हाताऱ्याची नखं काप. प्रार्थना सगळ्यात शेवटी, आणि तीही चार वाक्यांची. “आधी हात, मग तोंड,” एवढंच त्यांचं शिकवणं. धाकटी तर त्यांची हुबेहूब नक्कल करायची. बाबा स्वर्गात पोचले की पहिल्यांदा झाडू कुठं ठेवता म्हणून विचारतील, असं म्हणून तिनं सगळ्यांना पोट धरून हसवलं होतं. तिचं स्वतःचं तसं नव्हतं. ती बोलायला उभी राहिली की मागच्या बाकावर डुलक्या काढणारेसुद्धा ताठ बसत.

पंधरा दिवसांपूर्वी बाबांचे गुडघे धरले, म्हणून या घरी ती एकटीच आली होती. शिंप्याच्या बायकोची तेव्हाच काडी झालेली. मोरीत भांड्यांचा ढीग पडला होता. तिकडे हिनं ढुंकूनही पाहिलं नाही. उभ्यानं, हात वर करून अशी प्रार्थना केली की शेजारीण दारात येऊन रडायला लागली. निघताना सात वर्षांच्या पोरीनं तिचं बोट धरलं आणि विचारलं, आई बरी होईल का. घरी सासूपाशी ठेवून आलेलं स्वतःचं तान्हं तिला आठवलं की काय कोण जाणे, पण नाही म्हणवेना आणि गप्पही बसवेना.

“होणारच,” ती म्हणाली. “देवानं मला सांगितलंय.”

पोरीनं मनाशी खूणगाठ बांधली. काल सकाळी आईचं लक्षण ठीक दिसेना, तेव्हा मावशीनं किती विनवलं, आज शाळा राहू दे, आईजवळ बस. पोर दप्तर घेऊन निघालीच. आई बरी होणारे, पाळकबाईंना देवानं सांगितलंय, तुम्ही रडताय कशाला, असं वर मावशीलाच सुनावून गेली. दुपारी परत आली तेव्हा आईच्या तोंडावर चादर होती. तेव्हापासून ती मागच्या खोलीत, गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या गाठोड्यांआड बसून होती. पोटात पाण्याचा थेंब नाही, डोळ्यांत टिपूस नाही.

आत शेगडीपाशी धाकटीनं हलक्या आवाजात बाबांना गळ घातली. तुम्हीच जा तिच्याकडे. देवाच्या मनात काय असतं ते आपल्याला कळत नाही, असं समजावा. तुमच्या पांढऱ्या केसांचा मान ठेवील ती.

बाबा चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हे देवाच्या गळ्यात नको बांधूस, पोरी. शब्द तू दिलास, माघारी घ्यायलाही तूच जा.”

मग ती पुन्हा कधी कुणावर विश्वास ठेवणार नाही, असं ही म्हणाली. कदाचित नाही ठेवणार, असं ते म्हणाले. धाकटीला वाटलं होतं, बाबा पाठीवरून हात फिरवतील. पण त्यांनी भलतंच सांगायला घेतलं. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी एका हमालाला छातीठोक सांगितलं होतं, तुझी बायको रविवारी आपल्या पायांनी चालत उपासनेला येईल. हमालानं तिच्यासाठी नव्या चपला आणल्या. शनिवारी ती गेली. तेव्हा बाबांनी त्यालाच ऐकवलं, तुझाच विश्वास कमी पडला. चपला हातात धरून तो ऐकत राहिला.

“माफी मागायचं सुचलं तोवर तो बिऱ्हाड हलवून गेला होता. चाळीस वर्षं झाली, सापडला नाही.” त्यांनी कपाचा कान पुसला. “तुझी पोर अजून मागच्या खोलीत आहे.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, मावशीकडून कळलेली. शेवटच्या तासात आईनं लेकीला तीनदा हाक मारली होती. नजर दारावरून हलली नव्हती. हे मनात ठेवून जा, म्हणाले. आणि आता खोटं नको, कितीही गोड असलं तरी.

मागच्या खोलीत धाकटी जमिनीवर टेकली. पोरीनं तिच्याकडे पाहिलं नाही. कालच्या शाळेच्या वेण्या अर्ध्या सुटून केसांचा गुंता झाला होता. फळीवर कंगवा होता. तिनं तो घेतला आणि टोकाकडून एकेक गाठ सोडवायला सुरुवात केली. पोरीनं डोकं मागे घेतलं नाही, पुढेही केलं नाही. एक वेणी घालून झाली. इतका वेळ गप्प बसायची धाकटीची ही पहिलीच खेप.

“देवानं मला काहीच सांगितलं नव्हतं,” शेवटी ती म्हणाली. “मला माहीत नव्हतं, तरी मी बोलले. तू शाळेत गेलीस ती माझ्यामुळे. तुझी चूक नाही.”

“म्हणजे थाप मारलीत.”

“हो.”

“आता पण मारताय?”

“नाही. तुला परत कधीच नाही.”

बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. पेटी उचलणारी माणसं आली होती. मावशीचा हुंदका ऐकू आला आणि लगेच दाबला गेला. दुसऱ्या वेणीचे पेड धाकटीच्या बोटांत तसेच राहिले, कारण पोरीनं मान वळवली होती आणि आज पहिल्यांदाच ती तिच्या तोंडाकडे बघत होती.

“मग खरं सांगा,” पोर म्हणाली. “आईनं मला हाक मारली होती का?”