पालेभाजीचा नेम

परातीत कापसाचे अकरा बोळे होते. सात पूर्ण लाल, तीन अर्धे, आणि अकरावा निकितानं आत्ताच आईच्या तोंडातून काढलेला, थबथबणारा. पहिल्या बोळ्याला पाऊण तासही झाला नव्हता. भुट्टा खाताना तानाबाईंची जीभ दाताखाली आली होती, एवढंच.

आता जीभ तोंडात मावत नव्हती. काळीनिळी, जांभळासारखी टम्म. प्रत्येक श्वासाला घशातून घरघर येत होती.

“माय व! येवढ्याशा चावण्यानं असं होते काय?” शेजारच्या मथुराबाईंनी लेकाचा ऑटो दारात आणून उभा केला होता. “चाल न पोरी, गोळ्या कायले मोजून राह्यली?”

तीन वर्षांपूर्वी आईच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज एक. वहीप्रमाणे नऊ उरायला हव्या होत्या. नऊच होत्या. मग हे कशानं? निकितानं गोळ्यांचं पाकीट ओढणीच्या टोकाला बांधलं.

बोरी अरबपासून यवतमाळपर्यंत तिनं आईला बसतं धरलं, आडवं होऊ दिलं नाही. श्वास मिनिटाला अठ्ठावीस.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घशात घालायची नळी उशाशी काढून ठेवली. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला.

“रक्त किती पातळ झालं, त्याचा आकडा आहे हा. अडीच ते साडेतीन हवा. यांचा नऊच्या वर गेलाय. नवीन औषध? खाण्यात काही बदल?”

“नाही. पथ्य तर अगदी कडक आहे,” निकिता म्हणाली.

“कडक म्हंजे काय!” मथुराबाई म्हणाल्या. “आधी दोन्ही वेळ पालेभाजी लागे तिले. आषाढी एकादशीपासून पानाले शिवली नाही. चार महिन्यांचा नेम धरला न.”

“कशासाठी?”

तानाबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी बोट उचललं आणि निकिताकडे केलं.

“इच्या नागपूरच्या नोकरीसाठी,” मथुराबाई हळू आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. “पालेभाजी या गोळीचा जोर कमी करते. भाजी सुटली, की तीच गोळी भारी पडते. रोज सारखीच खायची असते. गोळीसोबतच्या कार्डावर लिहिलंय.”

“‘वाढवू नये’ एवढंच वाचलं मी.” निकिता म्हणाली. “आईनं नेम धरला तेव्हा मीच म्हटलं, लय चांगलं केलं.”

इंजेक्शन दिलं. रक्त गोठायला मदत करणाऱ्या पिवळसर प्लाझ्माची पिशवी टांगली.

“आता उलटी भीती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “या उपचारानं आकडा अडीचच्या खाली उतरला, तर झडपेवर रक्ताची गाठ धरू शकते.”

“आयकलं का तानाबाई? सोडा आता तो नेम,” मथुराबाई म्हणाल्या.

तानाबाईंनी डोळे न उघडताच मान हलवली. नाही.

निकितानं आईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. घरघर थोडी उतरली होती. जीभ मात्र अजून दातांबाहेरच होती.

सहा वाजता दुसरा रिपोर्ट आला. दोन पॉईंट सहा, अडीचच्या जेमतेम वर.