धोंड्याचा जावई

जावयाने घटस्फोटाची केस टाकलेली, पोटगीच्या अर्जाची तारीख तोंडावर आलेली, आणि आमच्या मोठ्या जाऊबाई प्रमिलाबाई त्याच जावयासाठी अनारसे थापत बसलेल्या! मी त्यांच्या लेकीची, प्रेरणाची, काकू. माझं डोकंच फिरलं.

"बाई, पोरीवर केस टाकली ना त्यानं?"

"टाकली. पन कोर्टानं अजून तोडलं नाई ना? तोवर जवाई हाय. धोंड्याचा महिना तीन सालातून एकदा येते."

अधिक महिन्यात जावयाला जेवू घालून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं म्हणजे द्यायचंच. बाईंपुढे कोण बोलणार?

वडनेरच्या या स्वप्निलरावांनी कोर्टात शपथेवर लिहून दिलं होतं की, मी बेरोजगार, वडिलांच्या घरी दोन घास खातो. दोन जेसीबी दिवसभर खणतात हे सगळ्या वडनेरला ठाऊक. कागद मात्र बापाच्या नावावर. लग्नानंतर प्रेरणाची नोकरी यानंच सोडवली होती. आता केस संपेपर्यंत पोटगी मिळाली तर तिचं बी.एड. पुरं होणार, नाहीतर भाऊ रजत आणि भावजयीच्या तोंडाकडे पाहत दिवस काढायचे.

"आई, तुले माही काहीच फिकर नाई का वं?" असं म्हणून पोर रडत आतल्या खोलीत गेली. बाईंनी पुढचा अनारसा कढईत सोडला.

स्वप्निल येणार नाही असं मला वाटलं होतं. पण मानाचं ताट कोणता जावई सोडतो? कडक इस्त्रीत आला, पाटावर बसला. माझ्या मोठ्या दिरांनी, बंडूजींनी, मुकाट्याने त्याचे पाय धुतले. लेकीवर केस टाकणाऱ्याचे पाय! गल्लीतल्या बायका मोबाईल धरून उभ्या होत्या. मला राहवेना.

"जवाईबापू, रिकामेच हाय म्हंते तुमी सध्या? आमच्या रजतच्या दुकानात सांगू का काही काम?"

बायका खुदकन हसल्या. जावई तांबडा झाला.

"काम? मले? काकू, दोन जेसीबी हायेत माह्या! ड्रायवर ठेवून राह्यलो मी, डिझेल पुरत नाई!" मग मोबाईलवाल्या मोनालीकडे वळून म्हणाला, "व्हिडिओ मले पाठवजो."

पाठवला. संध्याकाळी तोच व्हिडिओ त्याच्या स्टेटसवर होता, जेसीबीच्या फुशारकीसकट.

तारखेला आमच्या जया वकिलीणबाईंनी तो कोर्टापुढे ठेवला. स्वप्निलचा वकील पक्का होता. म्हणाला, "मॅडम, सासुरवाडीत माणूस बढाई मारतोच. त्याला काय पुरावा म्हणायचं?"

जज्ज मॅडमही हसल्या. "काय हो, बढाई होती?"

नुसती होकारार्थी मान हलवली असती तर सुटला असता. प्रेरणाने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रमिलाबाई हात जोडून उठल्या.

"वाणाच्या ताटावर बसून खोटं बोलले का, जवाईबापू? सारी गल्ली खरं समजून राह्यली."

"खाली बसा, आजी," मॅडम म्हणाल्या. पण स्वप्निलने मागे पाहिलंच. बाकावर आमची निम्मी गल्ली बसली होती, मोनालीसकट. वकील त्याची बाही ओढत होता. याने ती झटकली.

"बढाई नाई, मॅडम. मशीन माह्याच हायेत. तिसरीची बुकिंग केली हाय!"

वकिलाने फाइल मिटली.

मॅडमनी दरमहा पोटगी आणि केसचा खर्च, दोन्ही मंजूर केलं. बाहेर लिंबाखाली प्रेरणा आईच्या गळ्यात पडून हसत होती, रडतही होती.

"आई, तू मुद्दाम बोलावलं होतं ना त्याले?"

"मुद्दाम काऊन? रीत हाय ते." बाईंनी पदर सारखा केला आणि वकिलीणबाईंना विचारलं, "केस अजून किती सालं चालन वं?"

"चालेल तीन-चार वर्षं."

"मंग बरं हाय," बाई म्हणाल्या. "तिसरी मशीनबी येऊन जाईन पुढच्या धोंड्याले."