चेंडू हलेना तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना श्वासमापक आहे. माझ्या अंगात तीन उभ्या नळ्या आणि प्रत्येकीत एक हलका चेंडू आहे. माझ्या लवचीक नळीचे तोंड ओठांत धरून श्वास आत ओढला की चेंडू वर उडतात. जितका श्वास खोल, तितके चेंडू जास्त. बडोद्याजवळच्या छाणी गावातल्या एका लहान कारखान्यात मी घडलो आणि १९९७च्या हिवाळ्यात बडोद्याच्या एका मोठ्या इस्पितळात आलो.

तिथे मला धनाजीराव भेटले. रेल्वेच्या कारखान्यातले फिटर, वय चौपन्न, आवाज खणखणीत. त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता. सर्जन डॉक्टर पंड्या रोगट भाग काढून जठर वर ओढणार होते आणि मानेत जोड देणार होते. व्यायाम शिकवणाऱ्या नयनाबेननी ऑपरेशनच्या आधीच मला त्यांच्या हाती दिले.

"काका, फुंकायचं नाही, खेंचो!"

धनाजीरावांनी असा श्वास खेचला की तिन्ही चेंडू टाळ्या वाजवल्यासारखे वर आदळले. सगळा वॉर्ड हसला. माझी छाती अभिमानाने फुगली!

ऑपरेशन नीट झाले. तिसऱ्या दिवशी ते दोन चेंडू उचलू लागले. चौथ्या दिवशी सकाळी मात्र एकही हलेना. शेजारी त्यांची लेक देवश्री बसली होती.

"बाबा, काल दोन जात होते ना?"

"थकलोय जरा. कुणाला सांगू नकोस. उगाच घरी जायला उशीर होईल."

पण त्यांना पहाटेपासून थंडी वाजत होती. ते त्यांनी लपवले होते. नळी धरलेला त्यांचा हात तापला होता, हे मला कळत होते. सांगणार कसा? मला तोंड होते, पण बोलता येत नव्हते.

देवश्रीने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तडक नर्सला बोलावून आणले.

डॉक्टर धावत आले. मानेतला जोड गळत होता आणि फुप्फुसात कफ साचला होता. त्यांनी टाके उसवून पू वाहू दिला, तोंडाने खाणेपिणे बंद केले आणि पोटातल्या नळीने दूध, पातळ पेज सुरू केली.

धनाजीरावांच्या पत्नी सुनंदाबाई डॉक्टरांना भेटल्या. "डॉक्टरसाहेब, खरं सांगा. यामुळे यांचं आयुष्य कमी होईल का?"

डॉक्टर पंड्या खुर्ची ओढून समोर बसले. "बेन, खोटं नाही बोलत. असा त्रास झालेल्यांपैकी काही जणांना पुढची वर्षं कमी मिळतात. अंग खचतं, वजन उतरतं. पण सगळ्यांचं तसं होत नाही. मुलीनं वेळेवर सांगितलं, त्याचा मोठा फायदा झाला. आता छाती साफ ठेवायची, ताकद भरून काढायची."

मग तीन आठवडे माझी खरी नोकरी झाली. दर तासाला दहा श्वास. देवश्री मोजायची, सुनंदाबाई पाठ चोळायच्या. पहिला चेंडू पुन्हा वर उडाला तेव्हा नयनाबेननी वॉर्डभर पेढे वाटले. धनाजीरावांना खायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी पेढ्याचा नुसता वास घेतला आणि मोठ्याने हसले!

पुढे ते मला घेऊन शहरातल्या समा भागातल्या आपल्या घरी आले. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे जेवण, जेवून लगेच आडवे व्हायचे नाही, रोज फेरी. वजन वाढू लागले तसा मी कपाटात धूळ खाऊ लागलो. वाईट वाटायचे, पण माझी गरज न उरणे ही चांगलीच बातमी होती.

२००३मध्ये तपासणी करून डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षं उलटली, धनाजीकाका. सगळं साफ आहे."

त्या आनंदात धनाजीरावांनी मला धुऊन पुसून वॉर्डात नेले. एकाचे जंतू दुसऱ्याला लागतात, म्हणून मला दुसऱ्या कुणाच्या तोंडी देत नाहीत; तेव्हापासून ते अधूनमधून येऊन स्वतःच चेंडू उडवून नव्या रोग्यांना दाखवतात. परवा एक घाबरलेले गृहस्थ म्हणाले, "मला काही त्रास नाही, भाऊ."

धनाजीराव त्यांच्या खाटेवर बसले. "मीही असंच म्हणालो होतो. माझ्या पोरीनं ऐकलं नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. खरं काय ते सांगा."

ते गृहस्थ छातीवर हात ठेवून जरा पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "पहाटेपासून छातीत दुखतंय." धनाजीरावांनी नर्सला हाक मारली. त्यांची हाक वॉर्डाच्या पार टोकापर्यंत गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर त्याच्याजवळ बसा. काल जमलेले आज जमत नसेल, तर ते मोठ्यांना सांगा. रागावतील म्हणून गप्प राहू नका. आम्हा वस्तूंना दिसते सगळे, पण सांगायला माणूसच लागतो.